गिलाव्याखालची हजेरी

११ नोव्हेंबर, सोमवार. हजर : वैनी, साहेब, साहेबांच्या आई, गवंडी दोन, बिगारी तीन, शेजारचं मांजर.

ही नोंद मिस्त्रींची; वैनी म्हणजे मी, साहेब माझे यजमान. सांगलीतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या विटा उघड्या पडल्या त्या दिवशी त्यांनी ती सुतारी पेन्सिलीनं भिंतीवर केली आणि मी माझ्या वहीत उतरवून घेतली. कुठल्याही कामाच्या पहिल्या दिवशी ते असंच करत. वर तारीख, मग कोण कोण हजर, त्याखाली काम होईल तसं पाडलेल्या भिंतीची जाडी, लोखंडी गर्डर कुठं टेकवला, पाइप कुठून गेला. मग त्यावर गिलावा चढायचा आणि ते सगळं झाकून जायचं. झाकायचंच तर लिहायचं कशाला, असं मी विचारलं होतं. "उद्या कुनी फोडलं तर त्येला कळाय नगं व्हय, वैनी? अंधारात हातोडा मारंल बिचारा," ते म्हणाले. हजेरीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. ते लक्षात आणून दिलं, तर मिस्त्रीनं हजेरी मांडायची असते, लावायची नसते, एवढंच उत्तर मिळालं.

मी एका शाळेत मुख्य लिपिक आहे. पंचवीस वर्षं कागद लावणं हेच माझं काम. घरातही किराण्याची, औषधांची आणि उरलेल्या कामांची अशा तीन वेगळ्या याद्या असतात. त्यामुळे मिस्त्री पहिल्याच दिवशी मला पटले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेन्सिल, फूटपट्टी आणि घरमालकाच्या बांधकाम परवान्याची घडी घातलेली प्रत असे. कुंडलहून पहिल्या एसटीनं यायचे, आठच्या ठोक्याला दारात. "कागुद आदी, घमेलं मागनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय ते कुदळ लावू देत नसत. या हट्टापायी त्यांची निम्मी कामं दुसऱ्यांकडं गेली. आतली एक भिंत काढायला कोण कागद काढतो? लोक सरळ दुसरा मिस्त्री बघत.

खर्चाचा अंदाजही ते त्यांच्या पद्धतीनं देत. "आकडं तीन असत्यात. एक सांगायचा, एक हुयाचा, आन् एक जुनी भित फोडल्यावर कळायचा." तिन्ही आकडे ते आधीच सांगत, म्हणून ते महाग वाटत. सिमेंटचा नवा दर सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा. आमच्या घरात एकदा पुराचं पाणी कमरेपर्यंत येऊन गेलेलं. ती ओल विटांत मुरली असणार, हे त्यांनी भिंतीवर नुसता तळहात ठेवून सांगितलं. काम संपलं तेव्हा खर्च तिसऱ्या आकड्याच्याही थोडा खालीच राहिला.

पण आमच्या कामाला परवानगी नव्हती. ते मीच सांगायला हवं.

मुलाचा साखरपुडा दोन महिन्यांवर आला होता. स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामधली भिंत काढून एक मोठी खोली करायची होती. परवानगीला दीड महिना तरी लागणार होता. आतलीच भिंत, कोण बघतंय, असं मी म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज अपुरे म्हणून परत पाठवणारी मी. मिस्त्री पेन्सिल खिशात ठेवून उठले. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते चपला काढून उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुमी कारकून मानूस. दुसरं कुनी म्हनलं आसतं तर वाईट वाटलं नसतं."

"साखरपुडा झाला की पहिला कागदच करते," मी म्हणाले. "शब्द देते."

"मग धरतो," ते म्हणाले आणि पेन्सिल काढली. त्यांनी परवान्याशिवाय केलेलं हे एकच काम.

साखरपुडा छान झाला. कागद राहिला. उरलेल्या कामांच्या यादीत मी 'स्वयंपाकघर नियमित करणे' ही ओळ लिहिली. दर रविवारी नवी यादी करताना ती पुढच्या पानावर घेत राहिले.

पुढच्या वर्षी मिस्त्री एक अर्ज घेऊन आले. कामावर देखरेख कोण करणार, त्याची सही आणि नोंदणी क्रमांक परवानगीच्या अर्जावर लागायचा. मिस्त्री जन्मभर देखरेख करत आले आणि सही कुठल्यातरी इंजिनिअरची होत आली. इंजिनिअर वाईट नसत, पण साइटवर पेढे खायच्या दिवशीच येत. आता पालिकेच्या कचेरीतून कळलं होतं की अनुभवावर नोंदणी मिळू शकते. अट एकच. दहा घरमालकांची पत्रं हवीत आणि प्रत्येक पत्रात त्या कामाचा परवानगी क्रमांक हवा. मिस्त्री तेव्हा साठीच्या पुढे होते. मी विचारलं, आता या वयात कशाला? ते म्हणाले, "येकदा तरी कागदावर आपलं नाव आसावं, वैनी. आत्तापतुर नुसतं 'मिस्त्री'च हाय."

ते खरंच होतं. दर रविवारी आम्ही दोघं पत्रं गोळा करत हिंडलो, फाइल माझ्या हातात. वाईला त्यांनी एका गुरुजींच्या घराचा मागचा भाग बांधला होता. गुरुजींनी प्रेमानं चहा दिला, 'काम चोख, माणूस सज्जन' असं सुंदर अक्षरात लिहिलं, आणि मग पेन थांबवून विचारलं, "नाव काय घालू?" वीस वर्षांची ओळख. मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "महादेव ज्ञानू कुंभार." अशी नऊ घरं झाली आणि नऊही घरांत हा प्रश्न आला. नवव्या घरी त्यांनी मान वर करून नाव सांगितलं, हे मला अजून आठवतं.

माझ्या घराऐवजी धरायला अकरावं घर नव्हतंच. परवान्यावाचून काम न धरणाऱ्या माणसाकडं कामं असणार तरी किती? दहावं पत्र माझं. आणि माझ्याकडं क्रमांक नव्हता.

त्यासाठी आधी दंड भरून स्वयंपाकघर नियमित करायचं होतं, नकाशा काढायचा होता. फार तर महिन्याभराचं काम. पण अर्ज करायचा म्हणजे आपण विनापरवाना भिंत पाडली हे आपल्याच सहीनं लिहून द्यायचं. ही गोष्ट शाळेत कळली तर, हा विचार मला थांबवत होता. मार्च अखेर होऊ दे, मग परीक्षा, मग प्रवेश. मिस्त्री दोन-तीनदा येऊन गेले. पत्राचं त्यांनी कधी विचारलं नाही. नळ गळतोय का, बेसिनखाली ओल आहे का, एवढंच बघायचे. शेवटच्या वेळी निघताना म्हणाले, "तुमचं चालू हाय न्हवं?" मी "हो, चालू आहे" म्हणाले. कामाबद्दल मी त्यांच्याशी एवढं एकच खोटं बोलले.

जानेवारीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. मिरजेला नेताना वाटेतच गेले.

पाचव्या दिवशी मी कुंडलला भेटायला गेले. नऊ पत्रांची फाइल बरोबर घेतली होती. त्यांच्या बायकोनं ती मांडीवर घेतली. त्यांना वाचता येत नाही. एकेका पत्रावर बोट ठेवून "हितं नाव हाय?" विचारत गेल्या आणि मी दाखवत गेले. शेवटचं पान उलटल्यावर त्या थांबल्या.

"धा हुती म्हनं. वैनींचं झालं, आता नोंदनीचा क्रमांक मिळंल, आसं म्हनलं हुतं मला."

मी म्हणाले, ते घरी राहिलं, आणून देते.

आता त्या पत्राची कचेरीला गरज नाही. आज रात्री बसले तर दहा ओळी लिहून होतील, आणि त्या माउलीला क्रमांक आहे की नाही हे कळणारही नाही. पण मिस्त्रींच्या नावाचं पत्र आणि त्यात परवानगी क्रमांक नाही, हे माझ्यानं होत नाही. कागद आधी. म्हणून गेल्या महिन्यात मी अर्ज केला, माझ्या सहीनं. नकाशासाठी इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी विचारलं, पाडलेली भिंत किती जाडीची होती, गर्डर दोन्हीकडं किती आत टेकला आहे? मी वही काढली. तारीख होती, हजेरी होती, मांजरसुद्धा होतं. मापं मी उतरवून घेतली नव्हती.

ती भिंतीतच आहेत, गॅसच्या शेगडीच्या उजवीकडं, हातभर जागेत. तिथला गिलावा काढावा लागेल. मी खडूनं चौकोन आखून ठेवला आहे. गवंडी दोनदा विचारून गेला, कधी येऊ म्हणून. यादीत 'स्वयंपाकघर नियमित करणे' ही ओळ अजून तशीच आहे.