पहिला भात

रक्त तपासायला गेले की स्पिरिटच्या वासाने बाबा आठवतात. साठच्या दशकात ते मालवणच्या इस्पितळात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. एका संध्याकाळी आईच्या थुंकीचा नमुना स्वतःच तपासून ते तारकर्लीला घरी आले.

“काय दिसला?” आईने विचारलं.

“काय नाय गो. साधो खोकलो आसा.”

एवढं बोलून त्यांनी तिचा चहाचा रिकामा कप चुलीवर पाण्यात वेगळा उकळत ठेवला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला हाक मारली, “ये गो बाय, तुका भात रांधूक शिकयतंय.”

मी मोठी झाले म्हणून हरखले होते. क्षयाने आई वर्षभरात गेली. बाबा नव्वदीपर्यंत जगले, आम्हा भावंडांसाठी एकटेच राबले.

त्या संध्याकाळी माझा भात पार चिकट झाला होता. आईकडे न बघता बाबा तो सगळा जेवले.