नव्या स्पीकरांनी माझा टाळ पकडला

रविवारी माझ्या थोरल्याने, रघूने, दोन नवे स्पीकर आणले. बुकशेल्फ स्पीकर म्हणे... आणि ठेवले कुठे, तर दोन स्टुलांवर, भिंतीपासून हातभर लांब! मी म्हटलं, अख्ख्या कुंभकोणमात शेल्फ मिळेना का? "आई, तू मध्ये बैस आणि ऐक," एवढंच बोलला.

बसले. आधी नादस्वरम लावलं, आमच्याकडची लांब सनई... कौतुक माझ्या तोंडून सहजी निघत नाही, पण इथे निघालं. कोपऱ्यावरच्या देवळातला भोंगा नुसता कान फाडतो. इथे वाजवणारा श्वास कुठे घेतो तेसुद्धा कळतं. साथीचा ढोल, ते तविल, वाजलं की छातीत घुमतं, पण कपाटातले पेले थरथरत नाहीत. एवढ्याशा पेटीत हे मावतं कसं, देव जाणे.

मग रघूने आमच्या राधाकल्याणाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. दरवर्षी आम्ही इथल्या मराठी घरांतल्या बायका भजनं म्हणत राधा-कृष्णाचं लग्न लावतो. त्या वर्षी त्याने दोन बाजूंना दोन माइक ठेवले होते... उजवीकडे मी टाळ घेऊन, डावीकडे माझी धाकटी जाऊ कमळा.

त्यात एका अभंगात एक टाळ मागे पडतो आणि सगळ्यांचाच ताल घसरतो. तेव्हा मी चारचौघींत कमळेला म्हटलं होतं, "टाळ वाजवतेस की भांडी घासतेस?" तिने टाळ खाली ठेवले ते आजतागायत उचलले नाहीत. येते, मागे बसते, नुसत्या टाळ्या वाजवते.

जुन्या टेपवर सगळं एकाच डब्यातून यायचं, कोण चुकलं ते कळायचं नाही. माझी मात्र खात्री होती...

तो अभंग आला. डावीकडचा टाळ अगदी चोख. मागे पडला तो उजवीकडचा! पुन्हा लावायला सांगितलं. वायरी उलट्या लावल्यास, असंही म्हणून पाहिलं. रघू म्हणाला, "आई, तुझा खोकलापण उजवीकडूनच येतोय."



कमळा तिरुविडैमरुदूरला राहते. फोन करून बोलावलं, सकाळच्या बसने आली. मधल्या खुर्चीत बसवून ऐकवलं आणि सांगितलं, "कमळे, चुकले मी होते."

"मला तेव्हाच ठाऊक होतं, अक्का."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"तुमच्यापुढे? अय्यो! अभंग बुडाला तो बुडाला, वर लग्नही मोडलं असतं देवाचं."

चांगलीच बोलली. मी देवघरातून टाळ आणून तिच्या हातात दिले. ती रेकॉर्डिंगबरोबर वाजवू लागली. हात अजून तसाच आहे, मेलीचा. यंदा पुढे तीच बसणार, मी मागे.

स्पीकर फार चांगले आहेत, घ्यायचे तर जरूर घ्या. फक्त घरची जुनी रेकॉर्डिंगं असतील तर आधी एकट्याने ऐका.