सहा आठे अठ्ठेचाळीस

मी सव्वीस वर्षं शाळेत लसावि शिकवला आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात तोच चुकलो.

गोष्ट पंच्याण्णवच्या आसपासची. पंचवटीत आम्ही तिघंच राहायचो: आई, धाकटी सुनंदा आणि मी. सुनंदाला चार नकार आले होते आणि आईची झोप उडाली होती. अशात सातपूरच्या कारखान्यातला सुरेश आणि त्याचा एसटी ड्रायव्हर असलेला मोठा भाऊ घर बघून गेले. निघताना भाऊ म्हणाला, "माझी सुट्टी दर सहाव्या दिवशी, याची दर आठव्या. आज दोघांची जुळली. पुन्हा जुळेल त्या दिवशी नांदगावहून आईला घेऊन मुलगी बघायला येतो. तुम्हाला तारीख काय सांगायची, सर? तुम्ही गणिताचे!"

त्यांची पाठ वळताच मी कॅलेंडरवर गोल मारला. "सहा आठे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस दिवसांनी!"

"दादा, पण चोवीस..." सुनंदा म्हणाली.

"गणिताच्या मास्तरला शिकवतेस?" (हे वाक्य आठवलं की आजही कान तापतात.)

हातात भरपूर वेळ! सुनंदाला मावशीकडे चांदवडला कांदे काढायला पाठवलं आणि मी घराला चुना मारायला घेतला. चोविसाव्या दिवशी सगळं सामान अंगणात, मी स्टुलावर, अंगात भोकांचा बनियन, डोक्याला आईचा जुना परकर! आणि फाटक वाजलं.

"सर आहेत का?" सुरेशच्या भावाने मलाच विचारलं.

"बाहेर गेलेत." (हो, असं म्हणालो मी!)

तेवढ्यात आतून आई ओरडली, "वसंता, कोण आलंय रे?"

"हेच का सर?" सुरेशची आई म्हणाली आणि अंगणातल्या पिठाच्या डब्यावर बसली. "पोरगी कुठं हाय?"

"चांदवडला. तुम्हाला यायला अजून चोवीस दिवस आहेत ना..."

सुरेशने हळूच बोटं मोजली. "सहा, बारा, अठरा, चोवीस. आठ, सोळा, चोवीस. सर, तुम्ही लसावि काढलाच नाही. नुसता गुणाकार केलात."

"पाचवा नकार! आणि तोही तुझ्या पायी!" आईने पदर डोळ्यांना लावला. मला तोंड लपवायला जागा नव्हती. होता तो परकर, तोही डोक्याला बांधलेला.

सुरेशचा भाऊ मात्र हसत सुटला. "जीप दिवसभराची ठरवलीय. चला चांदवडला!"

वावरात सुनंदाचे हात मातीने माखलेले. पाहुणे बघताच तिने पदर नाही सावरला, आधी माझ्याकडे बोट दाखवलं. "दादा, चोवीस! सांगत होते ना?"

सुरेशची आई पोट धरून हसली. "पोरगी लय हुशार हाय. पसंत!" मग माझ्याकडे वळली. "हुंडा नको, मानपान नको. एकच अट. माझ्या नातवंडांना मामानं गणित शिकवायचं नाय."

मी लगेच कबूल झालो. मान शरमेनं खाली गेलेलीच होती, होकारासाठी वेगळी हलवावी लागली नाही!