व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं पीस

दुसऱ्यानं केलेली घाणेरडी दुरुस्ती बघितली की वीरभद्रप्पाला किळस यायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं कंप्रेसरचा फिटर होता. तिथले माग हवेवर चालायचे. कुठं बारीक फुसफुस सुरू झाली, तर ती त्याला शेडच्या दारातच ऐकू यायची. निवृत्त झाल्यावर नेमबाजीच्या क्लबातल्या मुलींची एक एअर रायफल त्यानं नीट करून दिली आणि मग तशा रायफली त्याच्या घरी येतच राहिल्या.

ह्या रायफलीच्या नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात पंपानं दोनशे बार दाबापर्यंत हवा भरायची आणि त्याच हवेच्या जोरावर छर्रा सुटतो. हवा कोंडणारं सगळं काम नाजूक. लोक मात्र त्यात काय वाट्टेल ते कोंबायचे. कुणी गोंद, कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. एकानं तर खोबरेल तेल ओतलं होतं. दाबाच्या हवेत तेल म्हणजे स्फोटाला आमंत्रणच. "थू! ह्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊ नये," असं पुटपुटत तो नाकाला रुमाल लावून ते पुसून काढायचा.

गेल्या एप्रिलात महेश्वरअण्णा आपली रायफल घेऊन आला. दोन गल्ल्या सोडून त्याचं भुसाराचं दुकान. शुद्ध शाकाहारी, कपाळावर रोज विभूतीचे पट्टे. उन्हाळा लागला की दुकानासमोर मांडव घालून तो पाखरांना पाणी ठेवायला मातीच्या वाट्या फुकट वाटायचा आणि त्याचे फोटो दरवर्षी छापून यायचे.

"अप्पा, सकाळी दोनशे भरतो. दुसऱ्या सकाळी बघतो तर एकशेवीस. हवा जाते कुटं, तेच कळंना."

"मारता कशावर?"

"डबड्यांवर. गच्चीत. टाइमपास की!"

रायफल बॅगेसकट ठेवून तो गेला.

वीरभद्रप्पानं आधी दाब दाखवणाऱ्या मीटरच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. हवा भरायच्या तोंडाला लावलं. तिथंही नाही. त्या तोंडाला टोपण मात्र नव्हतं, ते कुठंतरी हरवलं होतं. मग त्यानं नळीच्या टोकावर एक फुगा ओढून बसवला आणि चहा प्यायला गेला. परत येऊन बघतो तर फुगा लिंबाएवढा फुगलेला. म्हणजे हवा बाहेर कुठं जात नव्हती. आतला व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता आणि तिथनं ती हळूहळू नळीत उतरत होती.

सगळी हवा सोडून, मीटर शून्यावर आल्याची खात्री करून त्यानं व्हॉल्व्ह उघडला. भिंग लावलं. बैठकीवर, जिथं व्हॉल्व्ह टेकतो तिथं, केसासारखा एक धागा आडवा चिकटला होता. चिमट्यानं उचलून त्यानं तो पांढऱ्या कागदावर ठेवला. तो धागा नव्हता. पिसाचा तंतू होता, हिरवा.

हा आत आला कसा? त्यानं बॅग ओढली आणि चेन पूर्ण उघडली.

वास आधी आला. आतलं अस्तर काळपट, कडक झालं होतं. कोपऱ्यात पोपटी रंगाची बारीक पिसं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि त्यात एक पाय होता. राखाडी, आखडलेला, नखांसकट. उघड्या तोंडातनं ही घाण हवेबरोबर आत गेली होती.

वीरभद्रप्पा मोरीत जाऊन ओकला. त्याची बायको शांतम्मा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "काय झालं ओ?" त्यानं नुसतं बॅगेकडं बोट केलं. तिनं डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

फोन केल्यावर महेश्वर लगेच आला. कागदावरचा तंतू आणि उघडी बॅग त्याला दिसली, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"राघू हाईत हो. वाटीवर पाणी प्यायला येतात, बसल्या जागी घावतात. खात न्हाय आपण, शिवत बी न्हाय. गडी ह्याच बॅगेत घालून खाली नेतो, टाकतो."

"मग मारता कशाला?"

"नेम बसला की बरं वाटतं." तो हसला. "गळती सापडली न्हवं? मग बसवा की."

वीरभद्रप्पाला वाटलं, ह्या माणसाच्या श्वासालाही तो बॅगेतलाच वास आहे. त्याला त्याच्यासमोर बसवेना. "मी बसवणार नाही," तो म्हणाला. "आणि हे सामानही आता देणार नाही. वनखात्यात नेतोय."

"एका पाखरासाठी? आपल्या माणसाला?"

"मला आपलं म्हणू नका. किळस येते."

तासाभरात तो रायफल, सुटे भाग आणि ती बॅग पोत्यात बांधून रिक्षानं वनखात्याच्या कचेरीत गेला. साहेबांनी आधी कंटाळून कागद पुढं केला, पण पोतं उघडल्यावर खुर्ची मागं सारली. दुसऱ्या दिवशी गार्ड महेश्वरच्या गच्चीवर चढले. पाण्याची वाटी कठड्याला लागून, खुर्चीपासून दहा पावलांवर मांडलेली होती आणि मागच्या भिंतीत छर्रे रुतलेले होते. गुन्हा नोंदला गेला.

गल्लीत मात्र बोल लागला तो वीरभद्रप्पालाच. "आपल्याच माणसाला अडकवलं," म्हणत दोघातिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. लग्नाची एक पत्रिका यायची ती आली नाही. शांतम्मा म्हणाली, "नाही आली तर नाही. त्या पंगतीत घास गिळला असता काय?"

व्हॉल्व्ह काढलेले हात त्यानं आठवडाभर पुन्हापुन्हा घासून धुतले. भाकरी मोडताना तो वास नाकात यायचा आणि ताट सरकवावं लागायचं. क्लबातल्या मुलींच्या रायफली तो अजून करतो, बाहेरची घेत नाही.

साक्षीला कोर्टात गेला तेव्हा व्हरांड्यात महेश्वर भेटला. जामिनावर होता, विभूती ताजी. "नमस्कार अप्पा," म्हणत त्यानं चारचौघांत हात पुढं केला.

वीरभद्रप्पानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि पुकारा होईपर्यंत तसाच उभा राहिला.