मांजरीच्या आकाशातला फुगवटा

"मॅडम, उद्या कमिटीसमोर हाच ग्राफ पहिला," आमचे विभागप्रमुख सर खुशीत म्हणाले. मेश्राम मॅडम आमच्या शास्त्रज्ञ. त्या पडद्यावरच्या ग्राफमधल्या फुगवट्याकडे बघत राहिल्या.

आमचं यंत्र, लायडार, मांजरी गावात उसाच्या शेतांना लागून उभं होतं. शहरातल्या ट्रॅफिकपासून लांब, म्हणून आम्हीच हौसेनं निवडलेली जागा. लायडार आकाशात लेसरचे दोन किरण सोडतो. ओझोन एक जास्त शोषतो, दुसरा कमी. परतलेल्या प्रकाशातल्या फरकावरून किती उंचीवर किती ओझोन आहे ते कळतं. फार वरचा ओझोन आपल्याला उन्हापासून वाचवतो. हा खालचा, गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होणारा, छातीला त्रास देतो.

त्या दुपारी साधारण किलोमीटरभर उंचीवर ओझोनचा जाड थर दिसला. मी लेसर सांभाळणारा इंजिनियर. पेढे आणायच्याच बेतात होतो. मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि मुदतवाढ कमिटीच्या हातात होती. नागपूरहून आलेली बाई, धायरीत भाड्याचं घर, मुलीची शाळा. असा थर हाती लागला की मुदतवाढ नक्की.

मॅडम बाहेर जाऊन आल्या.

"सर, बाहेर वास येतोय. ऊसतोड झालीय, मागं राहिलेलं वाळकं पाचट जळतंय."

"मग?"

"धुराचे कण दोन्ही किरण सारखे परतवत नाहीत. यंत्राला तो फरक ओझोन वाटतो. तिसरा किरण लावू या. त्याला ओझोन हात लावत नाही, धूर मात्र त्यात दिसतो."

"अहो, कमिटी उद्या आहे. संशोधन परवा करा की!"

"परवा मी असेन-नसेन, सर. आकडा राहील."

त्याचा लेसर उन्हात तापतो म्हणून तो किरण आम्ही दुपारी बंद ठेवत असू. मी चालू केला. बरोबर त्याच उंचीवर धूर! मॅडमनी गणितातून तो वजा केला आणि फुगवटा बसला. उरला तो थोडासा, रोजचाच ओझोन. मला वाईट वाटलं. त्या शांतपणे नवा ग्राफ काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटीला दोन्ही ग्राफ दाखवले. "पहिला चुकीचा आहे. माझाच आहे."

"मग नवीन काय सापडलं?" एकानं विचारलं.

"यंत्र कधी फसतं, ते."

मुदतवाढ मिळाली, मागितली त्याच्या निम्मी. सर अजून म्हणतात, गप्प बसल्या असत्या तर पूर्ण मिळाली असती. मिळाली असती, यात शंका नाही. मला मात्र त्या दिवसापासून या बाईंबद्दल फार आदर आहे. आणि आकाश आपल्याला हवं तेच दाखवायला लागलं, की मी आधी बाहेर जाऊन वास घेतो.