मैनाचं गाठोडं

मैनाबाईचं गाठोडं मी पंचवीस वर्षं उचललं. कापसाचं गाठोडं. दिवसभर वेचणी झाली का आम्ही साऱ्या बाया आपापलं गाठोडं डोक्यावर घेऊन मालकाच्या घरी जातो, काट्यावर मोजून घेतो अन् कापसाच्या खोलीत नेऊन रिकामं करतो. मैना काट्यापर्यंत यायची. खोलीच्या उंबरठ्याशी आली का तिचे पाय थांबायचे. मंग मी म्हणायची, "आण इकडे," अन् तिचं बी मीच आत नेऊन ओतायची.

बाया हासायच्या. कोणी म्हणे, हिले कापूस चावते काय वो? कोणी म्हणे, राणीसाहेब आल्या. मी एकेकीले असं सुनवायची का तिचं तोंड हप्ताभर बंद. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण या कौसल्याच्या जिभेले अख्खं गाव भेते. सरपंच असो का माझा नवरा, जे वाटलं ते तोंडावर बोलून मी मोकळी होते. एकच गोष्ट नाई बोलली.

मैना लग्न होऊन आली त्याचं दुसरं वर्ष. लेक दिपाली तवा तीन महिन्यांची. दिवाळी झालती, वेचणी जोरात होती. तिच्या सासरचं वावर मोठं, अन् सारा कारभार तिच्या भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या हातात. बबनराव त्याचं नाव, आमचा मालक तोच. माझा नवरा त्याच्याच घरी सालदार, वर्षाच्या बोलीचा गडी. मी दुपारी गाठोडं टाकाले गेली तं कापसाच्या खोलीचं दार आतून लावलेलं. मी उभी राह्यली. कडी निघाली अन् बबनराव बाहेर आला. पायजम्याले लागलेला कापूस झटकून राह्यलता. मले म्हणे, "काय पाह्यतेस? गाठोडं टाक अन् जाय."

तो गेला. मंग मैना बाहेर आली. वीस वर्षांची होती. केसात, पदराले, गळ्याले, सारीकडे कापूस. तिनं माझ्याकडे पाह्यलं. मी तिच्या केसातला कापूस एक-एक करून काढला, पदर सारखा केला अन् म्हटलं, "जाय, हातपाय धू, पोरगी रडत असन." बस, इतकंच बोलली मी.

ते एकदाच झालं नाई, हे मले मागून समजलं. मी मनाले सांगायची का आपण तिचं गाठोडं उचलतो ना, म्हणजे आपण तिच्यासाठी काहीतरी करतोच. माणूस स्वतःले फसवाले बसला का लय हुशार होते.

दिपाली नऊ वर्षांची असताना मैनाचा नवरा काविळीनं गेला. तवापासून मैना झोपेत ओरडाले लागली. शेजारीपाजारी दचकून उठत. कोणी म्हणे अंगात येते, कोणी लिंबू उतरवला, कोणी ताईत बांधला. कशानं काही नाई. मंग वेचणीच्या टोळीतल्या एका बाईनं तिले फाट्यावर प्रार्थनेले नेलं. तिथं टिनाचं शेड हाय. अमर पास्टर हप्ताभर लोहारा गावातल्या कारखान्यात काम करते अन् इतवारी मोटरसायकलवर येऊन तिथं प्रार्थना घेते.

मी येशूची नाई. माझ्या देव्हाऱ्यातली देवी मी सोडली नाई अन् कोणी सोड बी म्हटलं नाई. पण फाटा दोन किलोमीटर, मैनाले सोबत पाहिजे, म्हणून मी बी जाऊन मागं भिंतीले टेकून बसायची. पहिल्या इतवारी ती घंटाभर नुसती रडली. वापस येताना म्हणे, "कौसल्या, इथं रडलं तं कोणी इचारत नाई काहून रडतेस म्हणून." ती तिथं कायले जाते ते मले त्या दिवशी समजलं.

तिथं एक रीत हाय. गाणी झाली का ज्याले वाटते तो उभा राहून साक्ष देते. म्हणजे प्रभूनं आपलं काय भलं केलं ते साऱ्याईपुढं सांगते. ताप उतरला, बोअरले पाणी लागलं, पोराची दारू सुटली. दर वाक्याले लोक टाळी वाजवतात, ढोलकीवाला थाप देते. साक्ष नेहमी बरं होऊनच संपते. मैनाची साक्ष ठरलेली. माझं डोकं लय दुखे, प्रभूनं बरं केलं. वर्षानुवर्षं हेच. मी मनात म्हणायची, बाप्पा, किती वेळा बरं होते हिचं डोकं.

चार वर्षांमागं एका दुपारी दिपाली बॅग भरून वणीच्या एसटीत बसली अन् गेली. कॉलेजचं शेवटचं वर्ष बी पुरं केलं नाई. वणीले एका दवाखान्यात कामाले लागली अन् आईचा फोन उचलणं बंद केलं. गावानं ठरवून टाकलं का लग्नावरून भांडण झालं. मैना रोज संध्याकाळी फोन लावायची, पुरी रिंग जाऊ द्यायची, मंग फोन डब्यावर ठेवून सैपाकाले लागायची. तिले या जगात दुसरं काही नको होतं. पोरीनं एकदा आई म्हणून हाक मारावी, बस.

यंदा दसऱ्याच्या आगोदर पास्टरनं एका बाईची गोष्ट सांगितली. बारा वर्षं तिच्या अंगावरून रक्त जाय. ती गर्दीतून मागून येते, येशूच्या कपड्याले हात लावते अन् बरी होते. येशू थांबते अन् इचारते, मले कोणी हात लावला. मंग ती थरथर कापत पुढं येते अन् साऱ्या लोकाईसमोर सारं खरं सांगते. अशी गोष्ट.

वापस येताना अर्ध्या रस्त्यात मैना थांबली. मंग म्हणे, "बरी तं ती आधीच झालती. तरी त्यानं तिले गर्दीत काहून थांबवलं?"

"मले काय इचारतेस? पास्टरले इचार."

"तिचं ऐकाले थांबवलं असन," मैना म्हणे. "बारा वर्षांत तिचं कोणी ऐकलंच नसन."

पुढच्या इतवारी शेडात शिरताना तिनं आपला फोन माझ्या हातात दिला. म्हणे, "मी उभी राह्यली का इडिओ चालू कर. दिपालीले पाठवाचा हाय." मले वाटलं, डोक्याचीच साक्ष असन. मी बटण दाबलं.

"माझं नाव मैना," ती म्हणे. "माझं डोकं कधीच दुखत नव्हतं."

टाळ्या वाजल्या. ढोलकीवर थाप पडली.

"मले माझ्या भासऱ्यानं कापसाच्या खोलीत कोंडलं अन् माझ्यावर जबरदस्ती केली."

तरी टाळ्या वाजल्या. अर्ध्यामुर्ध्या. हात सवयीनं उठले, कानाले मागून समजलं. मंग एकेक हात तसाच थांबला. कोपऱ्यातली एक बुढी, तिले ऐकू कमी येते, ती एकटीच वाजवत राह्यली. शेजारणीनं तिचे हात धरले.

मैना थांबली नाई. "एकदा नाई, लय वेळा. सासूले सांगितलं. सासू म्हणे, चूप राह्य, घर मोडते. मी चूप राह्यली."

अमर पास्टर घाबरून उभा झाला. "ताई, आपण प्रार्थना करू. बबनरावाले क्षमा कराची शक्ती प्रभू तुमाले…"

"क्षमेचं मागून पाहू, पास्टर," ती म्हणे. "आधी माझं पुरं होऊ द्या."

तो तिथंच खाली सतरंजीवर बसला, मांडीवर पुस्तक ठेवून, अन् शेवटपर्यंत हालला नाई. त्याच्याबद्दल मी इतकं चांगलं बोलन.

"चार वर्षांमागं माझी पोरगी धावत घरी आली," मैना म्हणे. "तिच्या मोठ्या बाबानं, याच भासऱ्यानं, त्याच खोलीत तिले काम सांगून बोलावलं अन् दार लावलं. ती त्याच्या हाताले चावून सुटली. मले येऊन सांगितलं. अन् मी तिले म्हटलं, चूप राह्य, घर मोडते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सासूचेच शब्द. माझ्याच तोंडातून. मी बरी झाली असं मी आज सांगत नाई. मी बरी नाई झाली. दिपाली, तू खरं बोललीस अन् तुह्या मायनं तुले चूप केलं, हे मी प्रभूपुढं अन् या साऱ्याईपुढं कबूल करते."

मंग पुढं बसलेल्या एका बाईनं हळूच इचारलं. वाईट मनानं नाई, अशीच. "मैनाबाई, तवा कोणी पाह्यलं होतं काय वो?"

मैनानं त्या बाईकडे पाह्यलं, पास्टरकडे पाह्यलं, दाराकडे पाह्यलं. माझ्याकडे पाह्यलं नाई. "प्रभूनं पाह्यलं," म्हणे, अन् बसली.

फोन माझ्या हातात होता अन् जीभ तोंडात होती. मी नाई बोलली.

इडिओ गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे पोरीनं पाह्यला. उत्तर नाई. गावात तं आगच लागली. बबनराव चौकात म्हणे, येशूवाल्याईनं बाईचं डोकं फिरवलं, इस्टेटीसाठी हे चाललं. चार जण त्याच्या बाजूनं बोलले, बाकीचे खाली पाहून चहा प्याले. मैनाले कोणी वेचणीले बोलवेना. पण एक गोष्ट झाली. तिचं झोपेतलं ओरडणं बंद झालं. दिवसा मात्र ती फोनकडे पाह्यली का तिचं तोंड पाह्यवत नव्हतं. मले म्हणे, "सांगितलं तं खरं, पण पोरगी गेली ते गेलीच, कौसल्या."

अकराव्या दिवशी दुपारच्या एसटीनं दिपाली आली. मी मैनाच्या ओसरीत सोयाबीन पाखडत बसलती. पोरगी वाळून गेलती. आईच्या गळ्यात नाई पडली, पाया बी नाई लागली. माठातलं पाणी प्याली अन् आमच्यासमोर खाली बसली.

"मी तो इडिओ वीस-पंचवीस वेळा पाह्यला," ती म्हणे. "पहिल्यांदा टाळ्या ऐकल्या अन् बंदच करून टाकला. मंग परत लावला." दिपाली माझ्याकडे वळली. "काकू, फोन तुमच्या हातात होता ना? त्या बाईनं इचारलं, कोणी पाह्यलं होतं काय, तवा फोन खाली गेला. मंग शेवटपर्यंत नुसते तुमचे पाय दिसतात. हीच जोडवी. तुमी खाली काहून पाह्यलं, काकू?"

माझ्या हातातलं सूप तिथंच राह्यलं. मंग मी सांगितलं. दार, कडी, पायजम्यावरचा कापूस, मैनाच्या केसातला कापूस, सारं. सांगता सांगता मी रडली, अन् माझ्या रडण्याची मलेच चीड आली. पंचवीस वर्षं जिनं रडाले पाहिजे होतं ती चूप अन् मी रडून राह्यली.

दिपालीनं पुरं ऐकून घेतलं. म्हणे, "हे ठाण्यात सांगाल?"

"सांगन."

"काका त्याच्याच घरी कामाले हायत."

"राहू दे कामाले. मी सांगन."

मंग ती पोरगी उठली, पाठ फिरवली अन् दाराकडे पाहत म्हणे, "आई, आधार कार्ड काढून ठेव. उद्या सकाळच्या गाडीनं राळेगावले जाऊ."

मैना पेटीपाशी गेली अन् किती वेळ झाला तरी वापस येईना. मी आत जाऊन पाह्यलं तं कार्ड तिच्या हातात होतं अन् ती पेटीत कार्डच धुंडून राह्यलती. "आई म्हणाली ना वो?" तिनं मले हळूच इचारलं. मी म्हटलं, हो, म्हणाली.

सकाळी एसटीत आम्ही तिघी एकाच सीटवर. खिडकीशी दिपाली, मंधात मैना, कडेले मी. दोन्ही बाजूनं कापसाची पऱ्हाटी फुटलेली, पांढरीफेक. दिपालीनं अजून आईचा हात धरला नव्हता, पण खांदा तिच्या खांद्याले टेकू दिलता. मले राहवलं नाई. मी म्हटलं, "मैना, मी पाह्यलं ते तुले माहीत होतं. मंग त्या दिवशी शेडात माझं नाव काहून नाई घेतलं?"

"मी नाव घेतलं असतं तं तुले सांगावंच लागलं असतं," ती म्हणे. "मले तसं नको होतं."

मंग थोड्या वेळानं, बाहेर पाहत, काही राग नाई, काही नाई, अशी म्हणे, "तू दरवेळी माझं गाठोडं घेऊन त्या खोलीत जायची ना, तवा मी उंबरठ्याशी उभी राहून तुही वाट पाह्यची. वाटायचं, आता बाहेर आली का तू काहीतरी बोलशीन. तू बाहेर यायची अन् रिकामं फडकं माझ्या हातात द्यायची."