सात मात्रांची वरात

मिलिंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी माईक तपासत होतो. परभणीत माझी साऊंड सर्व्हिस आहे. लग्न असो, सभा असो, जयंती असो, कार्यक्रमाआधी रिकाम्या मांडवात उभं राहून ‘हॅलो, हॅलो’ करणं हाच माझा धंदा. खिशातला फोन वाजला. माईक हातात तसाच धरून मी तो उचलला आणि पलीकडून लतावहिनी म्हणाल्या, ‘‘सुभाषभाऊजी, ह्यांना अटॅक आला... गेले.’’ मी ‘‘काय?’’ म्हणालो ते दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून बाहेर पडलं. खुर्च्या मांडणारी माणसं थांबून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा मी रडलो नाही, गडबडीत माईक बंद केला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहिणं हा माझा प्रांत नव्हे, पण तोंडाने बोलायला गेलो ते एकदा पुरतं अंगाशी आलंय, म्हणून कागदावर लिहितो आहे.

मिलिंद पूर्णेच्या तहसील कचेरीत लिपिक होता. गाव ताडकळस. दिवसभर नकला आणि दाखले, आणि लगीनसराईत संध्याकाळी आमच्या बेंजो पार्टीत बेंजो. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: टाईपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि वरातीत गाडीवर सगळ्यांच्या पुढे बसलेला माणूस ते वाजवतो. मी त्याच्या मागे बसून इलेक्ट्रिक पॅड वाजवायचो, म्हणजे ठेका माझ्या हातात. त्याचं काम सुराचं आणि माझं लोकांचे पाय हलवायचं. आमची जोडी कॉलेजपासूनची. तसा तो शांत माणूस, कचेरीत कुणी वरच्या आवाजात बोललं तर हा खालच्या आवाजात उत्तर द्यायचा. पण टेबलाखाली त्याची टाच कायम चालू असायची. कसला तरी ठेका धरल्याशिवाय त्याला सहीसुद्धा करता येत नसे.

त्या टाचेचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं. कॉलेजात असताना त्याचा पुण्याला कामाला असलेला चुलतभाऊ दिवाळीला एक कॅसेट घेऊन आला. जर्मनीतल्या कुठल्याशा कोळशाच्या गावातल्या चार पोरांचा बँड. नाव मी सांगत नाही, कारण त्याचा उच्चार आम्हाला इतक्या वर्षांत जमला नाही आणि आता चारचौघांत चुकायची हौस उरलेली नाही. कव्हरवर कवटी होती. मिलिंदची आई ती कॅसेट आवरताना कवटी खाली करून ठेवायची. आत जे होतं त्याला थ्रॅश मेटल म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गिटार इतकी जोरात पळते, ड्रमवाला तिच्या मागे असा लागतो आणि गाणारा असा ओरडतो की ताडकळसच्या आठवडी बाजाराचा कल्ला त्यापुढे भजनासारखा वाटावा. आम्ही वेडे झालो. वर्गात मान हलवायचो, एसटीत मान हलवायचो, मिलिंदचे वडील म्हणाले, ‘‘पोरायच्या मानंला काय झालंय, डाक्टरला दाखवा.’’

पुढच्या कॅसेटी येत गेल्या. दुसरी पहिलीसारखीच होती. तिसरीला काहीतरी बिनसलं. ओरडणारा गायक सोडून गेला होता आणि गिटारवाला स्वतःच गायला लागला होता, तेही सुरात. चौथी ऐकली आणि मी कपाळाला हात लावला. एकेक गाणं लांबलचक. सुरुवातीला साधी गिटार, मग मध्येच वेग, मग ताल बदलतो, मग पुन्हा बदलतो. मान कुठे हलवावी तेच समजेना. एका गाण्याच्या मधोमध तर सगळं बंद पडलं, फक्त ड्रमच्या कडेवर काडीची बारीक टकटक ऐकू येत होती. मला वाटलं बाजू संपली. मी बटण दाबायला गेलो तर मिलिंदने माझा हात धरला. ‘‘संपली न्हाई. थांबलेत ते. मोजायलेत.’’

‘‘म्हातारे झाले हे,’’ मी म्हणालो.

‘‘म्हातारे न्हाई रे. पैल्या कॅसेटीत नुस्ता राग व्हता. आता राग कशाचा हाय ते शोधायलेत.’’

हे बोलणं मला तेव्हा पुस्तकी वाटलं होतं. पुण्याहून कुठलंसं जुनं मासिक त्याच्या हाती लागलं होतं, त्यात या नव्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात असं छापलेलं, आणि बँडचे जुने चाहते कसे खवळलेत, भर कार्यक्रमात ‘जुनं वाजवा’ म्हणून कसे ओरडले, हेही होतं. मी त्या खवळलेल्या जर्मन लोकांच्या बाजूने होतो. मिलिंद बँडच्या बाजूने. आमची भांडणं त्यावरून व्हायची, परभणीच्या बसस्टँडवर, भज्यांच्या गाड्यासमोर, आणि भजीवाला समजायचा की हे जमिनीच्या वाटणीवरून चाललंय.

पुढे पार्टी निघाली तेव्हा मिलिंदने बेंजोला गिटारचा खरखरीत आवाज देणारा एक डबा जोडला. त्याची जोडणी मीच करून दिली. मग काय, सिनेमाच्या दोन गाण्यांच्या मध्ये तो त्या पहिल्या कॅसेटीतली धून घुसवायचा. ताशेवाले खूश, नाचणारे खूश. निम्म्या जिल्ह्यातली वऱ्हाडं जर्मन कोळशाच्या गावातल्या गाण्यांवर नाचली आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. सेलू, देवगाव फाटा, गंगाखेड, जिथे गेलो तिथे ‘‘त्ये फास्टवालं लावा’’ अशी फर्माईश यायची. ते दिवस लय मजेचे होते. पण बँड जसा बदलला तसा हाही बदलला, फक्त जरा उशिराने. त्याने स्वतःची एक धून बांधली. सात मात्रांची: दोन, दोन आणि तीन. पार्टीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ‘लंगडी’, कारण तिसऱ्या खेपेला एक पाऊल जास्तीचं पडायचं. मिलिंदला नाव आवडलं. तो म्हणायचा, ‘‘भजनात लोकं सात मात्रांवर डोळे मिटून डोलतेत. मग वरातीत का न्हाई?’’ मी म्हणायचो, भजनात माणूस मांडी घालून बसलेला असतो, वरातीत त्याला पाय असतात.

तरी माझ्या गोदामात आम्ही ती बसवली. सराव करकरून ती माझ्या हातात बसली, हे मुद्दाम सांगतो. मला ती वाजवता येत होती.

राणीसावरगावच्या एका वरातीत त्याने मान मागे वळवून मला खूण केली आणि लंगडी सुरू केली. सुरुवातीला नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. मग त्यांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. दोघेजण हसायला लागले, एक जण थांबून चपलेकडे बघू लागला. नवरदेवाचा मामा गाडीच्या आडवा आला. ‘‘काय वाजवायलाव हो? पाय कुठं टाकावा मानसानं?’’ त्याचा चेहरा बघितला आणि मी ठेका बदलला. सात सोडून सरळ चार. मिलिंदला काही न सांगता, काही खूण न करता. बेंजो सातवर आणि पॅड चारवर, तेव्हा जे व्हायचं ते झालं: सूर खड्ड्यात गेला. ऐकणाऱ्याला वाटणार की बेंजोवालाच चुकला, कारण ठेका तर चालू आहे ना बराबर. मिलिंद क्षणभर थांबला, मग त्याने ते फास्टवालं लावलं. मामा नाचला. त्यानंतर त्याने वरातीत लंगडी कधीच वाजवली नाही.

आणि मी त्याचा किस्सा केला. माणसं जमली, चहा आला की मी सांगायचो: मिलिंदने राणीसावरगावात सगळं वऱ्हाड लंगडं केलं, मामाची चप्पल अजून सापडली नाही. चप्पल माझी भर. मिलिंद तिथेच बसलेला असायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. तो हसतो म्हणून मी सांगत राहिलो.

त्याच्या जलदान विधीला साऊंड माझाच होता. भन्तेजींची वंदना झाली, मग पुण्यानुमोदनाची भाषणं सुरू झाली. कचेरीतले दोघेतिघे बोलले: मितभाषी, कष्टाळू, कर्तव्यदक्ष. ऐकून मला वैताग आला. मिलिंद गेला नव्हता, कुठल्या तरी फायलीची बदली झाली होती असं वाटत होतं. कुणीतरी म्हणालं, सुभाषभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठलो. वाटलं, या लोकांना खरा मिलिंद दाखवू. तोंड उघडलं आणि बाहेर आला तो किस्सा. चपलेसकट. आवाज चांगला होता, माईक मीच लावलेला. लोक आधी बिचकले, मग हसले, मागे बसलेली पार्टीतली पोरं तर डोळे पुसत हसली. मला वाटलं, मी मांडव जिंकला. मग माझी नजर पहिल्या रांगेत गेली. लतावहिनी पांढऱ्या साडीत बसल्या होत्या आणि हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. लहान मूल पाहुण्यांसमोर खोटं बोलतं तेव्हा आई जशी त्याच्याकडे बघते, तशा बघत होत्या.

मांडव रिकामा झाल्यावर मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा त्या आल्या.

‘‘भाऊजी, त्या दिवशी ते चुकले नव्हते.’’

मी वायर गुंडाळतच राहिलो.

‘‘घरी आल्यावर मला म्हनले, आज सुभाषनं वरात वाचवली. मी हट्टाला पेटलो असतो तर पार्टीचं नाव गेलं असतं.’’ मग म्हणाल्या, ‘‘जेवले न्हाईत त्या दिवशी. पन तुमाला नाव न्हाई ठिवलं.’’

माफी मागायची तर कुणाची मागणार? मला वाटायचं की ठेका मीच बदलला हे त्याला माहीत नसेल. गर्दी, कलकलाट, त्याला वाटलं असेल आपलाच हिशेब चुकला. म्हणजे तो सगळं माहीत असून हसत होता, मी प्रत्येक वेळी नवी भर घालत होतो आणि तो ती ऐकून घेत होता. आणि शेवटी मी ते त्याच्या बायकोसमोर, त्याच्या फोटोसमोर, मोठ्या आवाजात सांगितलं. आठवडे झाले, पण जेवताना मध्येच तो हशा आठवतो आणि घास फिरतो. मला लाज वाटते. याहून बरा शब्द मला सापडलेला नाही आणि शोधायचाही नाही.

वहिनी जाता जाता म्हणाल्या, ‘‘एकदा ती लंगडी नीट वाजवून द्या. ह्यांनी घरी मोबाईलवर भरून ठिवलीय.’’

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पॅड घेऊन ताडकळसला गेलो. त्याची खोली तशीच आहे. खिडकीखाली बेंजो, त्यावर वहिनींनी धुतलेला टॉवेल टाकलेला, शेजारी तो खरखरीत आवाजाचा डबा, आणि खुर्चीपुढे फरशीवर टाचेने पडलेला एक फिकट गोल. वहिनींनी मोबाईल लावला. लंगडी आता मोठी झाली होती. सुरुवातीला नुसता साधा बेंजो, मग तो खरखरीत आवाज, मग वेग, मग पुन्हा शांत. गोदामात आम्ही बसवली होती तिच्या कितीतरी पुढे तो गेला होता, एकटाच. मी पॅडवर हात ठेवून ऐकत राहिलो, कारण कुठे शिरावं ते कळेना. इतक्यात गाण्याच्या मध्यावर बेंजो बंद पडला. मला वाटलं रेकॉर्डिंग तिथेच संपलं असेल. मग त्याचा आवाज आला, नेहमीचा, खालच्या पट्टीतला.

‘‘इथं सुभाष.’’

आणि त्याने जागा सोडली होती. लांब, मोकळी जागा. त्यात फक्त टाच ऐकू येते. दोन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तो थांबलेला नाही, मोजतोय. वरातीत वाजवायची नाही हे ठरवूनही त्याने ती जागा ठेवली होती, आणि मी ज्या काळात तो किस्सा सांगत फिरत होतो त्याच काळात कधीतरी ठेवली होती.

मी शिरलो आणि चारवर पडलो. हातांना इतक्या वर्षांच्या वरातींची सवय, ते नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघूनच चालतात. पुन्हा लावली, पुन्हा चार. एकेकाळी मला जमत होतं हे मी वर लिहिलंय, ते खोटं नाही. पण आता जमत नाही. तेव्हापासून दर रविवारी जातो आहे. परवा थोडा वेळ सात धरले, एक दोन, एक दोन, एक दोन तीन, आणि मग मामाचा चेहरा समोर आला आणि हात सरळ झाले. मोबाईलमधली टाच मात्र सरळ होत नाही. मी चुकलो तरी ती तिच्या चालीने चालत राहते, मग बेंजो परत येतो, जणू मी बरोबरच वाजवलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘परत लावू का, भाऊजी?’’

‘‘लावा,’’ मी म्हणालो.